रॅम महागली आणि वॉरंटीत कंपनी जुन्या भावाचे पैसे देऊ करते आहे: घ्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका तरुणाने जून २०२५ मध्ये डीडीआर५ (नव्या पिढीच्या) रॅमचं ३२ जीबीचं किट (१६ जीबीच्या दोन स्टिक) ९ हजारांना घेतलं. डिसेंबरपासून पीसी मध्येच निळा स्क्रीन दाखवून बंद पडू लागला. दुकानदाराने दोन्ही स्टिक जमा करून घेतल्या आणि सर्व्हिस सेंटरला पाठवल्या. तीन आठवड्यांनी निरोप आला, 'स्टॉक नाही, बिलाच्या रकमेची क्रेडिट नोट घ्या.' तेच किट आज त्याच दुकानात ३० हजारांच्या वर आहे आणि खोक्यावर 'लाइफटाइम वॉरंटी' छापलेलं आहे. क्रेडिट नोट (तेवढी रक्कम ग्राहकाच्या नावे जमा दाखवणारी चिठ्ठी) घ्यावी का, नाही घेतली तर पुढे काय, आणि तोवर कॉम्प्युटर चालवायचा कसा?

उत्तर: क्रेडिट नोट आत्ता घेऊ नका. व्हॉट्सअॅपवर 'ओके' असंही टाकू नका. पैसे किंवा क्रेडिट नोट एकदा खात्यात पडली की समोरचा म्हणणार, प्रकरण मिटलं, ग्राहकाने मान्य केलं. त्यानंतर भांडता येतं, पण तुमची बाजू अर्ध्याहून अधिक पडलेली असते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण तुम्ही ती विचारलेली नाही. रॅम किट असेल तर कंपन्या दोन्ही स्टिक एकत्र मागवतात, पण बिघाड बहुतेक वेळा एकाच स्टिकमध्ये असतो. तुम्ही ९ हजार घेतलेत तर खराब स्टिकबरोबर तुमची धडधाकट स्टिकही त्यांच्याकडेच राहते. किट ३० हजारांचं असेल तर त्या एका चांगल्या स्टिकचीच आजची किंमत १५ हजारांच्या आसपास जाते. म्हणजे नादुरुस्त मालाची भरपाई म्हणून ९ हजार हातावर ठेवायचे आणि १५ हजारांचा चांगला माल ठेवून घ्यायचा! काउंटरवरच्या माणसाच्या हे बहुधा लक्षातही आलेलं नसतं. तो सिस्टिममध्ये दिसणारा पर्याय वाचून दाखवतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दुरुस्तीला किंवा तपासणीला दिलेली वस्तू भारतीय करार कायद्यात निक्षेप, म्हणजे एखाद्या कामापुरता दुसऱ्याच्या ताब्यात दिलेला माल, ठरते. मालकी तुमचीच राहते आणि ज्या कामासाठी दिली ते संपलं की ती परत करणं हे घेणाऱ्याचं कर्तव्य आहे (कलम १६०). बदली माल दिल्यावर जुना माल कंपनीचा होतो, असं वॉरंटीच्या अटींत असतं. पण बदली दिलेलीच नाही आणि परतावा तुम्ही स्वीकारलेला नाही, तोवर दोन्ही स्टिक तुमच्या आहेत. त्यामुळे पहिल्याच पत्रात अनुक्रमांक टाकून लिहा की अमुक क्रमांकाची चालू स्थितीतली स्टिक सांभाळून ठेवा, भंगारात काढू नका. स्टिक देताना लेबलचे फोटो काढले असतील तर उत्तमच. नसतील तर दुकानदाराच्या जॉबशीटवर अनुक्रमांक असतात, तिची प्रत मागून घ्या. मेमटेस्टमध्ये (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एकेक स्टिक लावून चाचणी केली असेल आणि स्क्रीनचे फोटो असतील, तर कोणती स्टिक खराब हा मुद्दाच उरत नाही.

भाव का वाढले हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण तक्रारीतही ते दोन ओळींत यायला हवं. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या चिपवर बनते. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे त्यांनी आपली क्षमता वळवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने यांतल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दोन कोरियन कंपन्यांशी स्टारगेट या आपल्या डेटा सेंटर प्रकल्पाच्या मेमरीसाठी इरादापत्रं केली. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने 'क्रूशियल' हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. (क्रूशियलवाल्यांनी घाबरू नये. त्याच निवेदनात वॉरंटी सेवा चालू ठेवण्याचं आश्वासन आहे. ते पान जपून ठेवा.) असं पहिल्यांदाच होत नाहीये. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले तेव्हा आणि २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांची टंचाई झाली तेव्हाही हेच वाद झाले, याच भाषेत.

मी बरीच वर्षं एका वितरकाकडे आरएमएचं, म्हणजे वॉरंटीत परत आलेल्या मालाचं, टेबल सांभाळलं आहे. आता ग्राहकांना तक्रारी लिहून देतो. म्हणून काउंटरच्या पलीकडे काय चालतं ते सांगतो. वॉरंटीसाठी कंपनी वितरकाकडे किंवा सर्व्हिस पार्टनरकडे थोडा बदली माल ठेवते. तो संपला की एरवी विक्रीच्या मालातून दोन-चार नग वळवले जातात, कोणाला काही वाटत नाही. भाव तिप्पट झाले की तो माल वॉरंटीकडे वळवायला कोणी धजत नाही, कारण प्रत्येक नगावर २० हजारांचं पाणी सोडावं लागतं. मग 'स्टॉक नाही' हे उत्तर येतं. त्याचे तीन अर्थ असू शकतात: बदलीसाठीचा साठा संपला, मॉडेलच बंद झालं, किंवा माल आहे पण विकायला ठेवलाय. तुमचा वाद तिसऱ्या अर्थाचा असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तेच मॉडेल कंपनीच्या स्वतःच्या साइटवर किंवा मोठ्या ऑनलाइन दुकानात 'उपलब्ध' दिसतंय का, ते रोज पाहा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. भाव ३५ हजार आणि खाली 'उद्या घरपोच' असं लिहिलेला एक स्क्रीनशॉट मोठ्या युक्तिवादापेक्षा जास्त काम करतो.

दुकानदारावर एकदम आवाज चढवू नका. त्यालाही वरून बिलाच्या रकमेचीच क्रेडिट नोट मिळते. तुम्हाला नवीन किट द्यायचं तर फरक त्याच्या खिशातून जातो आणि रॅमवरचं त्याचं मार्जिन किती असतं हे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, कोणालाही विचारा. त्याच्याकडून एकच गोष्ट घ्या: कंपनीने काय कळवलं त्याची लेखी प्रत. तो वितरकाचा ईमेल पुढे पाठवायला तयार होतो, कारण त्याच्यावरचा दोष निघून जातो. हा कागद तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद ठरू शकतो.

आता धंद्यातली एक रीत सांगतो, म्हणजे राग कुठे काढायचा ते कळेल. भाव पडतात तेव्हा कंपन्या दुकानदारांना पडून असलेल्या मालामागे फरक भरून देतात. त्याला 'प्राइस प्रोटेक्शन' म्हणतात. ग्राहकाच्या परताव्याबाबत मात्र अनेक वॉरंटी कार्डांत 'बिलाची किंमत किंवा सध्याची बाजारभावाची किंमत, यांतली जी कमी असेल ती' असं असतं. रॅम वर्षानुवर्षं स्वस्त होत होती तेव्हा याच ओळीच्या आधारे ८ हजारांच्या मालाचे ३ हजार हातावर ठेवले जात होते. आता भाव वर गेल्यावर तीच मंडळी म्हणतात, 'बिलाप्रमाणेच देणार ना!' भाव कुठेही जावो, तोटा ग्राहकाचाच, अशी ही अट आहे.

त्यामुळे वॉरंटीच्या अटी शब्दशः वाचा. खोक्यावरचं 'लाइफटाइम' सोडून द्या, ती जाहिरात आहे. साइटवरचं पूर्ण पान काढा, आणि आजचं नव्हे, तुम्ही माल घेतला त्या दिवशीचं. कंपन्या अटी मध्येच बदलतात. जुनं पान बऱ्याचदा वेबॅक मशीनवर (वेबसाइटची जुनी पानं साठवणाऱ्या साइटवर) मिळतं. त्यात दोन तऱ्हा दिसतील. एकीत क्रम असतो: आधी दुरुस्ती, नाही तर बदली, आणि बदली शक्य नसेल तरच परतावा. ही तऱ्हा असेल तर बदली का शक्य नाही हे कंपनीने दाखवायचं आहे, आणि 'महाग झाली' म्हणजे 'अशक्य' नव्हे. दुसऱ्या तऱ्हेत 'दुरुस्ती, बदली किंवा परतावा, कंपनीच्या मर्जीनुसार' असं सरळ लिहिलेलं असतं. इथे तुमची बाजू कमकुवत आहे. तसं नाही असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला झुलवतोय. अशी अट अन्याय्य करार म्हणून आव्हान देता येते, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराच्या तक्रारी जिल्हा ग्राहक आयोगाकडे नसून राज्य आयोगाकडे जातात. ९ हजारांच्या किटसाठी राज्य आयोगाच्या फेऱ्या कोण मारणार? दुसऱ्या तऱ्हेत तडजोडीचा प्रयत्न करणंच शहाणपणाचं, तेही पहिल्या तऱ्हेइतक्याच ठाम पत्राने.

कायद्याचं मूळ तत्त्व मात्र फार जुनं आणि स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्यात कलम ७३ खाली पहिलंच उदाहरण सोऱ्याचं (बंदुकीच्या दारूत घालतात त्या क्षाराचं) आहे. एकाने दुसऱ्याला ठरल्या भावाने ५० मण सोरा विकण्याचा करार केला आणि तो मोडला, तर घेणाऱ्याला नुकसानभरपाई किती? ठरलेला भाव आणि माल द्यायचा होता त्या वेळी तसाच सोरा ज्या भावात मिळाला असता तो भाव, यांतला फरक. म्हणजे भाववाढीचा धोका करार मोडणाऱ्यावर. बदली देण्याचं वचन मोडलं तर आजच्या भावाने तशीच रॅम घ्यायला जेवढं जास्त लागतं तेवढं तुमचं नुकसान, हा युक्तिवाद याच उदाहरणावर उभा राहतो.

जोडीला मारुती उद्योगच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल कामाला येतो. तिथे ग्राहकाला पूर्ण गाडी बदलून हवी होती. न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन आहे, गाडी बदलण्याचं नाही. कंपन्यांचे वकील हा निकाल ग्राहकाविरुद्ध फेकतात. पण त्याचं सार इतकंच की वॉरंटीत जे लिहिलंय त्याला दोघंही बांधील. बदली लिहिली असेल तर बदली द्या. हा निकाल त्यांच्याकडून यायची वाट पाहू नका, आपणच मांडा.

आता जिल्हा आयोगात प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ खाली आयोग दोष दूर करायला, तशाच वर्णनाची नवीन निर्दोष वस्तू द्यायला, किंवा किंमत व्याजासह परत करायला सांगू शकतो. फोन, टीव्ही, फ्रिजच्या प्रकरणांत परताव्याचा आदेश इतका सरावाचा झालाय की तुम्ही मोघम 'न्याय द्यावा' लिहिलंत तर बिलाची रक्कम, थोडं व्याज आणि त्रासापोटी दोन-तीन हजार अशी पाटी हातात पडेल. तेवढं तर कंपनी आजच देतेय! म्हणून मागणी नेमकी लिहा. मुख्य मागणी: त्याच मॉडेलचं किंवा तेवढ्याच क्षमतेचं आणि किमान तेवढ्याच वेगाचं नवीन किट. पर्यायी मागणी: आदेशाच्या तारखेला तसं किट विकत घ्यायला लागेल तेवढी रक्कम. दोन वेगवेगळ्या दुकानांची लेटरहेडवरची कोटेशनं जोडा. सोऱ्याचं उदाहरण आणि स्क्रीनशॉटही जोडा. रकमेचा आकडा नसेल तर आयोग बिलावरचाच आकडा उचलतो.

पण तक्रारीआधी पत्र. कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला, आयातदाराला आणि दुकानदाराला एकाच वेळी ईमेल करा. आयातदाराचं नाव-पत्ता खोक्यावर छापणं बंधनकारक आहे, म्हणून खोकं फेकू नका. मजकूर लांबवू नका. मी साधारण असा देतो:

'दिनांक अमुकच्या बिलाने घेतलेलं, अनुक्रमांक अमुक व तमुक असलेलं किट वॉरंटीखाली जमा केलं आहे. मी परतावा मागितलेला नाही आणि स्वीकारलेलाही नाही. माझ्या संमतीशिवाय क्रेडिट नोट काढल्यास ती मला मान्य नाही. खरेदीच्या दिवशी लागू असलेल्या वॉरंटीच्या अटींनुसार मला बदली हवी आहे. हेच मॉडेल आज अमुक ठिकाणी विक्रीस उपलब्ध आहे, स्क्रीनशॉट सोबत. बदली शक्य नसल्यास त्याचं कारण लेखी कळवावं. समतुल्य दुसऱ्या मॉडेलचा विचार करायला मी तयार आहे. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन. तोपर्यंत माझ्या दोन्ही स्टिक सुरक्षित ठेवाव्यात.'

यातलं 'समतुल्य मॉडेलचा विचार करायला तयार' हे वाक्य अनेकांना नको असतं. ते काढू नका. निम्मी प्रकरणं तिथेच सुटतात, कारण सर्व्हिसवाल्याला हलायला जागा मिळते. ६००० ऐवजी ५६०० वेगाची रॅम देत असतील, रंग वेगळा असेल, आरजीबी दिवे नसतील, तर माझा सल्ला: घ्या. क्षमता कमी करून देत असतील तर घेऊ नका. फक्त खराब स्टिकपुरती तशीच दुसरी स्टिक देत असतील तर दोन्ही एकत्र मेमटेस्टवर रात्रभर चालवून पाहण्याची अट घालून घ्या. डीडीआर५ मध्ये वेगवेगळ्या चिपच्या स्टिक एकत्र नेमक्या वेगाला चालतीलच असं नाही. 'थोडा फरक भरा, नवीन देतो' अशी ऑफर आली तर आकड्यावर अवलंबून आहे. हजार-दोन हजारांत मिटत असेल तर मी तत्त्वाला चिकटून वर्षभर थांबणार नाही. दहा हजार मागत असतील तर ती बदली नव्हे, विक्री झाली. आणि 'आजच्या भावावरचा जीएसटी तरी भरा' असं कोणी म्हणालं तर १७ जुलै २०२३ चं सीबीआयसीचं (केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाचं) परिपत्रक दाखवा. वॉरंटीत पैसे न घेता बदलून दिलेल्या भागावर जीएसटी लागत नाही.

१५ दिवसांत काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण ती कंपनीच्या तक्रार विभागापर्यंत पोहोचते आणि तिथला माणूस काउंटरवरच्यापेक्षा वरच्या पायरीवर बसलेला असतो. ऑनलाइन घेतलं असेल तर त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत दंडक आहे.

त्यानंतर जिल्हा आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे कंपनी बंगळुरूची असली तरी नाशिकलाच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून अर्ज भरता येतो. मुदत दोन वर्षं. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय, पण तेवढ्यात लागेल या भरवशावर राहू नका. एक गोष्ट लक्षात ठेवा: नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला लेखी उत्तर द्यायला ३० दिवस आणि वाढवून फार तर १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय. नोटीस कोणत्या तारखेला पोहोचली ते नोंदवून ठेवा. पुष्कळ कंपन्या नोटीस पोहोचल्यावरच तडजोडीला येतात, कारण एका किटपेक्षा त्यांच्या वकिलाची एक तारीख महाग पडते.

काही प्रकरणांत हे सगळं लागू नाही. बिल कंपनीच्या नावावर आणि मशीन ऑफिसात असेल तर 'व्यावसायिक हेतू' म्हणून तक्रार अडते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकटा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला मात्र ही आडकाठी नाही. बिलाशिवाय घेतलेल्या ग्रे मार्केटच्या मालाला इथली वॉरंटीच नसते. स्टिकवरचे पिन जळालेले किंवा हीटसिंक (वरचं उष्णता शोषणारं धातूचं कवच) उचकटलेला असेल तर विषय संपला. आणि दुकानात वेगळे पैसे भरून घेतलेला 'प्रोटेक्शन प्लॅन' ही वेगळी गोष्ट आहे. त्यात भरपाई बिलाच्या रकमेपुरती, वर घसारा कापून, असं बहुतेक वेळा आधीच लिहिलेलं असतं. तिथे आजचा भाव मागून उपयोग नाही.

राहिला कॉम्प्युटर चालवण्याचा प्रश्न. दुकानदाराकडे आधी स्टँडबाय स्टिक मागा, ओळखीचा असेल तर तो महिनाभरासाठी ८ जीबीची देतो. नाही मिळाली तर एक ८ जीबीची स्टिक स्वतः घ्या, सेकंडहँड चालेल, पण बिल घ्या. करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की गैरसोय टाळायला जे उपाय हाताशी होते तेही भरपाई ठरवताना पाहिले जातात. तुम्ही कमीत कमी खर्चात काम भागवलंत हे दिसतं, आणि तो खर्चही मागणीत जोडता येतो. ३० हजारांचं नवीन किट मात्र आत्ता घेऊन बसू नका. ते घेतलंत की 'यांना बदलीची गरजच उरली नाही, पैसे घ्या' असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.